मूळ, प्रतिकृती आणि प्रक्षेप : एका मोटारीच्या चाकांची पाठचिकित्सा

गेल्या श्रावणात माझ्या आतेभावाने माझ्याकडून दोन पानांचा मजकूर लिहून मागितला. दादाकडे १९५१ सालची एमजी टीडी ही दोन आसनांची, कापडी टपाची स्पोर्ट्स कार आहे. हिवाळ्यातल्या जुन्या मोटारींच्या एका रॅलीत ती न्यायची होती आणि परीक्षकांसमोर गाडीचा इतिहास सांगणारे टिपण ठेवायचे होते. “तू आयुष्यभर मराठी शिकवलंस, तूच लिही,” असे तो म्हणाला. मी हो म्हटले. मग जरा थांबून त्याने पुस्ती जोडली, “आणि चाकं मूळची आहेत असं लिही.”

चाके मूळची नव्हती. हे त्याला माहीत होते, आणि शेंद्र्याच्या त्याच्या शेडमध्ये मागच्या भिंतीला टेकवलेली पाच गंजकी चाके पाहिल्यावर मलाही कळले. त्या एका वाक्यावरून आमचे चांगलेच वाजले. मी सव्वीस वर्षे विद्यार्थ्यांना पाठचिकित्सा शिकवली. पोथीत नसलेला शब्द पोथीत आहे असे लिहिणाऱ्या विद्यार्थ्याचे गुण मी कापत आले. आता माझ्याच घरातला माणूस मला तेच करायला सांगत होता. त्याला नकार देण्यापूर्वी नकाराची कारणे मला स्वतःशी नीट मांडता यायला हवी होती. ती मांडताना जे वाचले, पाहिले आणि हाताने चाचपले, त्याचा हा हिशेब आहे.

१. गाडी आणि तिची चाके

एमजी म्हणजे मॉरिस गॅरेजेस. ऑक्सफर्डमधल्या या नावाच्या गाड्या पुढे ॲबिंग्डनच्या कारखान्यात तयार होत. १९४५ ते १९४९ या काळात निघालेल्या टीसी या मॉडेलने ‘स्पोर्ट्स कार’ या शब्दाला एक रूप दिले : लांब नाक, वाहत्या रेषेचे मडगार्ड आणि एकोणीस इंची, उंच, तारांची चाके. त्यानंतरची टीडी १९५३ पर्यंत चालली आणि तिच्या जवळजवळ तीस हजार गाड्या निघाल्या. टीडीची पुढची चाके स्वतंत्रपणे वरखाली होत. ही रचना कंपनीच्या चार दारांच्या वाय मॉडेलवरून आली होती, आणि तिच्याबरोबर चाकेही बदलली : पंधरा इंची, पोलादी पत्रा दाबून केलेली तबकडीची चाके. सुरुवातीच्या गाड्यांत ती सपाट होती. नंतर त्यांच्यात गोल छिद्रे आली. तारांची चाके कारखान्याने टीडीला कधी दिलीच नाहीत. जुने शौकीन यावर नाराज झाले. १९५३ च्या टीएफमध्ये तारांच्या चाकांचा पर्याय पुन्हा आला तोवर अनेक टीडीमालकांनी आपल्या गाड्यांना परस्पर तारा चढवल्या होत्या.

दादाच्या गाडीचे असेच झाले. ती त्याच्या वडिलांनी मुंबईत जुनी घेतली. आम्ही त्यांना काका म्हणत असू. त्यांनी पुढे तिला तारांची चाके बसवली. आमच्या सगळ्या कौटुंबिक फोटोंत गाडी आहे ती याच चाकांवर. माझी आई त्यांना ‘सायकलची चाकं’ म्हणे. आजही कोणी पाहुणा शेडमध्ये आला की आधी त्या तारांवरून हात फिरवतो आणि म्हणतो, “जुन्या गाडीची शानच वेगळी.” गाडीवरची सर्वांत ‘जुनी’ दिसणारी गोष्ट हीच गाडीवरची उपरी गोष्ट आहे, हे त्याच्या मनातही येत नाही.

इथे तारांच्या चाकाबद्दल थोडे सांगायला हवे. त्यातल्या तारा ताणावर काम करतात. एक सैल झाली की तिचा वाटा शेजारणींवर जातो, मग त्याही थकतात. म्हणून जुना मिस्त्री चाक उचलून प्रत्येक तारेला टिचकी मारतो. ज्या तारेचा आवाज बसका, ती सैल. चाक मधल्या एकाच मोठ्या नटाने बसते आणि हबवरच्या बारीक उभ्या दात्यांत अडकून फिरते. हे दाते झिजले की गाडी सोडताना आणि ब्रेक मारताना ‘टक’ असा आवाज येतो. हा आवाज दादाच्या गाडीला होता. तो त्याने वर्षानुवर्षे ऐकला होता आणि ऐकून न ऐकल्यासारखे केले होते.

२. एका इंग्रजी शब्दाखाली दडलेले चार मराठी शब्द

जुन्या गाड्यांच्या बाजारात ‘ओरिजिनल’ आणि ‘रेप्लिका’ असे दोनच कप्पे असतात. माझा पहिला आक्षेप या वाटणीवर आहे. ‘रेप्लिका’ या एका शब्दाखाली बाजार ज्या वस्तू विकतो, त्यांच्यासाठी मराठीत निदान चार शब्द आहेत आणि त्या चौघांचे शील वेगवेगळे आहे.

पहिला शब्द ‘प्रत’. मूळ आराखड्यावरून, त्याच धातूत, त्याच पद्धतीने केलेली वस्तू. पोलादी पत्रा दाबून, तेवढ्याच जाडीचे, तेवढ्याच मापाचे केलेले नवे तबकडीचे चाक ही प्रत आहे. दुसरा शब्द ‘नक्कल’. रूप तेच, पण अंग वेगळे. तिसरा शब्द ‘बनावट’. रूपाबरोबर खूणही चोरलेली, म्हणजे मागच्या बाजूला मूळ उत्पादकाचा छाप आणि जुनी तारीख ठोकलेली. आणि चौथा शब्द आमच्या शास्त्रातला, ‘प्रक्षेप’ : मूळ पाठात कधी नव्हतेच, पण शोभले म्हणून कोणीतरी घातले आणि पुढे परंपरेने मानले. टीडीवरच्या तारा या चौथ्या वर्गात बसतात. त्या कशाची नक्कलही नाहीत, कारण तारांच्या चाकांची कारखानी टीडी अस्तित्वातच नव्हती. लोकांच्या मनातल्या टीसीची छाया टीडीवर पडली, एवढेच.

नक्कल आणि प्रत यांतला फरक केवळ शब्दांचा नाही, हे एका प्रसिद्ध चाकावरून दिसते. १९६६ साली आलेल्या पोर्शे ९११ एस या गाडीला जर्मनीतल्या फुक्स या कंपनीने पाच पाकळ्यांचे ॲल्युमिनियमचे चाक दिले. ते ओतीव नव्हते. तापवलेल्या धातूवर दाब देऊन घडवलेले होते. घडवताना धातूचे कण चाकाच्या आकाराप्रमाणे लांबत वळतात, त्यामुळे कमी धातूत जास्त बळ मिळते. चाक हलके झाले की स्प्रिंगखालचे ओझे कमी होते आणि टायर रस्ता सोडत नाही. म्हणजे त्या पाच पाकळ्या हा अलंकार नव्हता. तो हलकेपणाच्या गरजेतून आलेला आकार होता. पुढे बाजारात त्याच पाकळ्यांची ओतीव चाके आली. लांबून पाहिले तर फरक कळत नाही. पण ज्या कारणासाठी तो आकार जन्मला ते कारणच त्यांत उरलेले नाही. वृत्त सांभाळून अर्थ सांडलेल्या कवितेसारखे हे आहे. ओतीव चाक वाईट असते असे मी म्हणत नाही. जगातल्या बहुसंख्य अलॉय चाकांचे काम ओतीवच आहे आणि ती भार बिनबोभाट वाहतात. तक्रार एवढीच, की ओतीवाने घडीवाचे नाव सांगू नये.

३. शेंद्र्यातले ‘मूळ’

जालना रस्त्यावरचे शेंद्रा पूर्वी मांगीरबाबाच्या जत्रेसाठी माहीत होते. आता पंचतारांकित औद्योगिक वसाहत आणि ऑरिक ही नावे त्याला चिकटली आहेत. २००१ साली इथल्या स्कोडाच्या कारखान्यातून ऑक्टाव्हिया बाहेर पडू लागली. दादा वाळूजमधली नोकरी सोडून शेंद्र्यातल्या एका टूलरूममध्ये आला तो याच सुमारास. निवृत्त झाल्यावर त्याने इथेच शेड घेतली. त्याच्या शेजारच्या शेडमध्ये काही तरुण मुले २००४ साली भारतात आलेल्या ऑक्टाव्हिया आरएस या टर्बो पेट्रोल गाडीची दुरुस्ती करतात. वीस वर्षांची ही गाडी त्यांच्या लेखी आताच क्लासिक आहे, आणि तिची मूळ अलॉय चाके मिळवण्यासाठी ती मुले भंगारवाल्यांचे उंबरे झिजवतात.

त्यांच्याकडून मी एक धडा शिकले. पहिल्या पिढीच्या ऑक्टाव्हियाच्या चाकाचे पाच बोल्ट शंभर मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळावर आहेत. पुढच्या पिढीत ते वर्तुळ एकशे बारा मिलिमीटरचे झाले. बाजारात त्याच नक्षीची चाके दोन्ही मापांत मिळतात. चाक मधल्या भोकात हबवर नेमके बसते का, ते आत-बाहेर किती सरकले आहे, किती किलोचा भार सोसण्यासाठी ते तपासले आहे, हे सगळे चाकाच्या पाठीवर कोरलेले असते. मुले चाक हातात घेतले की आधी पालथे करतात. दर्शनी बाजू ती नंतर पाहतात. पोथी हाती आली की आपण आधी शेवटचे पान उघडून लेखकाचे नाव, शक आणि स्थळ पाहतो, तसेच हे.

इथे मला एक अडचण जाणवली. शेंद्र्यात जुळलेल्या त्या ऑक्टाव्हियाचे सुटे भाग पेट्यांतून आले होते. मग त्या गाडीचे ‘मूळ’ चाक म्हणजे कोणते? ते तर कारखान्यात जन्मलेलेही नाही. मी हा प्रश्न दादाला विचारला. त्याने पान्याला पुसायचे फडके खांद्यावर टाकले आणि म्हणाला, “मूळचं म्हणजे ज्याची कोणीतरी सही केलीय ते. ड्रॉइंगवर एकाची, तपासणीच्या कागदावर दुसऱ्याची. चाक तुटलं तर कोणाला धरायचं, हे ठाऊक असलं पाहिजे.”

मूळपणाची इतकी नेमकी व्याख्या मी कोणत्याही ग्रंथात वाचलेली नव्हती. जन्मस्थान, वय, दुर्मिळता या सगळ्यांच्या आधी जबाबदारी येते. ही व्याख्या मान्य केली तर दोन गोष्टी निघतात. स्वतःचे नाव, साल आणि भार पाठीवर मिरवणारी प्रत ही मूळाची नात्यातली आहे. आणि ज्याचा इतिहास कोणी सांगू शकत नाही असे सत्तर वर्षांचे अस्सल चाक हे नाव पुसलेल्या ताम्रपटासारखे आहे : अस्सल असेल, पण त्याच्या भरवशावर वाद जिंकता येत नाही, आणि घाटही उतरता येत नाही.

दादाला त्याचीच व्याख्या ऐकवून मी म्हटले, “मग तारांच्या चाकांवर सही कोणाची?” तो गप्प बसला.

४. पैठणचा दाखला

शेंद्र्याहून फार दूर नसलेल्या पैठणात एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. तोवर तीनशे वर्षांच्या लेखनात चुकीचे पाठ शिरले होते. एकनाथांनी वेगवेगळ्या पोथ्या ताडून पाहिल्या, पाठ निश्चित केला आणि अखेरीस आपण काय केले ते सांगून वर्षाची नोंद केली. पुढे कोणी आपली ओवी यात मिसळू नये असा कडक इशाराही दिला.

जुन्या मोटारीच्या जीर्णोद्धारासाठी मला याहून चांगला आदर्श सापडत नाही. एकनाथांनी शुद्ध केलेली पोथी ही ज्ञानेश्वरांच्या काळची पोथी नव्हे, आणि तसा दावाही त्यांनी केला नाही. दुरुस्ती झाली आहे हे त्यांनीच लिहून ठेवल्यामुळे दुरुस्तीच्या मागे काय होते हा प्रश्न पुढच्यांना विचारता आला. इतिहासाचार्य राजवाडे यांनी १९०९ मध्ये एकनाथपूर्व म्हणून एक वेगळी ज्ञानेश्वरी छापली. तिच्याबद्दल वाद झाले, आजही होतात. पण असा वाद घालता येणे हेच नाथांच्या नोंदीचे फळ आहे. नोंद नसती तर सगळ्या पोथ्या सारख्याच मूळच्या ठरल्या असत्या, आणि मग एकही मूळची उरली नसती.

प्रक्षेपाचे काय करायचे, याबद्दलही आमच्या शास्त्राचा एक शहाणपणाचा रिवाज आहे. संपादक प्रक्षिप्त ओव्या जाळत नाही. तो त्या मुख्य पाठातून काढून परिशिष्टात ठेवतो, कारण त्याही कोणीतरी भक्तीने लिहिलेल्या असतात आणि त्या काळाविषयी काहीतरी सांगतात.

५. सनदा, नियम आणि परीक्षक

आता या विषयावर अधिकृतपणे काय म्हटले आहे ते पाहू. वास्तूंच्या जतनासाठी १९६४ साली झालेली व्हेनिसची सनद दोन तत्त्वे सांगते. गहाळ भागाच्या जागी घातलेला नवा भाग एकूण वास्तूशी जुळला पाहिजे, मात्र तो नवा आहे हे ओळखूही आले पाहिजे. आणि वास्तूवर वेगवेगळ्या काळांनी घातलेल्या योग्य भरीचा आदर राखला पाहिजे. योगायोग असा, की दिल्लीतली स्टेट्समन ही जुन्या मोटारींची प्रसिद्ध रॅलीही १९६४ मध्येच सुरू झाली. पण व्हेनिसचा विचार मोटारींपर्यंत पोहोचायला जवळजवळ पन्नास वर्षे लागली. जुन्या वाहनांच्या ‘फिव्हा’ या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१२-१३ मध्ये स्वीकारलेली टुरिनची सनद व्हेनिसच्या वाटेने जाते, आणि बदललेल्या भागांवर कायम टिकणारी खूण असावी अशी अपेक्षा करते.

आपल्याकडे जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती होऊन ‘व्हिंटेज’ वाहनाची व्याख्या झाली : पहिल्या नोंदणीला पन्नासहून अधिक वर्षे झालेले, मूळ स्वरूपात राखलेले, चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार न केलेले वाहन. अशा नव्या नोंदणीला ‘व्हीए’ ही अक्षरे मिळतात, आणि आधीच नोंदलेल्या गाडीला जुना क्रमांक ठेवता येतो. ही दुरुस्ती स्वागतार्हच आहे. त्यापूर्वी सत्तर वर्षांची गाडी आणि सात वर्षांची गाडी कायद्याच्या एकाच रांगेत उभी असे. तरीही टीकाकार म्हणून मला त्या व्याख्येत एक पोकळी दिसते. ‘मूळ स्वरूप’ म्हटले आहे, पण चाचणी चासी, बॉडी आणि इंजिन या तिघांचीच. रस्त्याला टेकणारी जी एकमेव वस्तू, तिच्याबद्दल व्याख्या मौन पाळते. त्या मौनात कोणीही काहीही ‘मूळ’ म्हणून बसवू शकतो.

रॅलीतल्या परीक्षणाविषयी माझी तक्रार वेगळी आहे. मी दोन रॅली पाहिल्या. दोन्हीकडे क्रोम चकाकत होते, तारा आरशासारख्या होत्या, आणि लोक टाळ्या देत होते ते या चकाकीला. एका कोपऱ्यात मूळच्या फिकट रंगाची एक फियाट उभी होती. तिच्यापाशी कोणी थांबत नव्हते. परीक्षकांनी गुण कसे दिले हे मी सांगू शकत नाही. पण मूळपणा ही गोष्ट प्रेक्षकांना नवेपणासारखी दिसावी अशी अपेक्षा असली, तर मालकाने काय करावे? तो चकचकीत प्रक्षेप बसवणार आणि टिपणात ‘मूळ’ लिहिणार. दादाची मागणी दादाची एकट्याची नव्हती. ती त्या मैदानाची होती.

६. नागसेनाचा रथ

दादाच्या मुलीने मात्र मला खिंडीत गाठले. ती छत्रपती संभाजीनगरातच शिकली आहे, आणि आमच्या शहरात बाबासाहेबांनी १९५० साली सुरू केलेल्या महाविद्यालयाचे नावच मिलिंद आहे. नागसेनवनात राहणाऱ्या मैत्रिणी असलेल्या मुलीला मिलिंदप्रश्न सांगावा लागत नाही. ती म्हणाली, “आत्या, नागसेनाने राजाला विचारलंच होतं की, चाक म्हणजे रथ का, आस म्हणजे रथ का, दांडी म्हणजे रथ का? राजा प्रत्येक वेळी नाही म्हणाला. मग चाकं बदलली तर गाडीचं काय बिघडलं? ‘एमजी’ हे नुसतं नाव आहे.”

आक्षेप भक्कम आहे आणि तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. पुरीच्या जगन्नाथाचे रथ तर दरवर्षी नव्या लाकडाचे होतात; सोळा, चौदा आणि बारा चाकांचे ते तीन रथ दरवर्षी नवे असूनही तेच असतात. तिथे मूळपण लाकडात नसून मापात, पद्धतीत आणि ती पद्धत जाणणाऱ्या सुतारांच्या घराण्यांत आहे. अस्सलपणाच्या कसोट्या संस्कृतीगणिक वेगळ्या असू शकतात, हे १९९४ च्या नारा दस्तऐवजाने आंतरराष्ट्रीय पातळीवरही मान्य केले आहे.

पण नागसेनाचा युक्तिवाद तारांच्या बाजूने जात नाही, असे मला वाटते. रथ कोणत्याही एका भागात नाही, भागांच्या जुळणीला आपण रथ म्हणतो, असे तो दाखवतो. मग कोणते भाग केव्हा जुळले हे सांगणे आणखीच आवश्यक होते, कारण जुळणीपलीकडे सांगण्यासारखे दुसरे काही उरतच नाही. पुरीचा रथ नवा आहे हे कोणी लपवत नाही. किंबहुना तो नवा आहे हाच उत्सव असतो.

तिचा दुसरा मुद्दा मला अधिक बोचला. “काळाने घातलेल्या भरीचा आदर करायचा ना? आजोबांनी बसवलेल्या तारा ही पण भरच आहे. पन्नास वर्षं झाली तिला.”

हे खरे होते. आणि याच मुद्द्यावर अखेर आमचे भांडण मिटले.

७. वहीतली नोंद

काकांच्या खर्चाच्या वह्या दादाकडे आहेत. त्यांत १९७४ च्या दिवाळीच्या आठवड्यात एक ओळ सापडली : तारेची चाके, मुंबईच्या मिस्त्रीकडून, रक्कम, आणि पुढे कंसात ‘मुलाचा हट्ट’. तेव्हा दादा बारा वर्षांचा होता. त्याने कुठेतरी टीसीचे चित्र पाहिले होते आणि आपल्या गाडीला तशीच चाके हवीत म्हणून तो दोन दिवस जेवला नव्हता. ही गोष्ट तो पार विसरला होता.

मी म्हटले, “दादा, मी ‘चाके मूळची’ असं लिहिलं तर काकांनी ती बसवलीच नाहीत असं होईल. तुझा हट्टही पुसला जाईल आणि त्यांनी तो पुरवला हेही.”

तो बराच वेळ वही हातात धरून बसला. मग म्हणाला, “लिही मग जे आहे ते.”

तेवढ्याने चाकांचा प्रश्न सुटत नव्हता. तारांचे दाते झिजलेले होते आणि त्या ज्या जोडतुकड्यावर बसवल्या होत्या तो घरगुती होता. त्यावर लांबच्या रस्त्याला जाणे शहाणपणाचे नाही, हे दादाने स्वतःच सांगितले. उरली भिंतीजवळची पाच तबकड्यांची चाके. त्यांची तपासणी शेंद्र्यातल्याच एका वर्कशॉपमध्ये झाली. आधी गंज आणि रंग काढून चाक उघडे केले. त्यावर लाल द्रव लावून काही वेळ थांबले. मग पुसून वर पांढरी भुकटी फवारली. तड असेल तर आत शिरलेला लाल द्रव भुकटीवर उमटतो. चार चाके पांढरीच राहिली. पाचव्याच्या नटाच्या भोकाभोवती केसाएवढी लाल रेघ उमटली. अस्सल चाक, कारखान्याच्या सालातले, आणि निकामी. कोणी म्हणाले, वेल्डिंग करून घ्या. दादाने हात झटकला. जिथे सगळा ताण येतो तिथे वेल्डिंग करून उगाच जिवाशी खेळ नको.

टीडीचे जादा चाक गाडीच्या पाठीवर, पेट्रोलच्या टाकीमागे उघड्यावर टांगलेले असते. मला वाटले, तडकलेले अस्सल चाक तिथेच शोभेला लावावे. पाचही मूळची दिसतील. दादाने मला वेड्यात काढले. “रस्त्यात पंक्चर झालं, अंधार पडला, तर माणूस तेच काढून लावणार. शोभेचं चाक म्हणजे पुढच्या माणसाला लावलेला सापळा.” पुस्तकातल्या चुकीने कोणी मरत नाही; माझ्या शास्त्रात ही कसोटी नव्हती. चाकाचा पाठ चुकला तर किंमत वाचक देतो, आणि ती जिवाने देतो.

म्हणून पाचवे चाक नवे केले : पोलादी, त्याच मापाचे, तेवढ्याच जाडीचे. प्रत. त्याच्या आतल्या बाजूला दादाने स्वतः छिन्नीने साल ठोकले आणि आपल्या नावाची आद्याक्षरे. रंग दिल्यावरही बोट फिरवले की ती लागतात.

टिपणात मी चाकांसाठी सहा ओळी ठेवल्या. चार चाके कारखान्याची, तपासलेली, तपासणीची तारीख. जादा चाक नवी प्रत, करणाऱ्याची खूण आतल्या बाजूस. एक मूळ चाक तड गेल्यामुळे वापरातून काढले. १९७४ ते २०२४ या काळात गाडी तारांच्या चाकांवर होती. ती टीडीला कारखान्याने दिलेली नव्हती. मालकाने मुलाच्या हट्टाखातर बसवली.

रॅलीत गाडीला काही मिळाले नाही. एका परीक्षकाने टिपण वाचले आणि वाकून जादा चाकाच्या आतून बोट फिरवले, एवढे आम्ही पाहिले. परतीच्या वाटेवर गाडी सोडताना तो ‘टक’ आवाज आला नाही. दादाने दोनदा उगाच ब्रेक मारून पाहिला.

शेडच्या भिंतीवर आता तारांची पाच चाके आणि तडकलेली एक तबकडी ओळीने टांगली आहेत. प्रत्येकाखाली माझ्या अक्षरातली चिठ्ठी आहे. येणारे पाहुणे अजूनही आधी तारांपाशीच जातात. ते चिठ्ठी वाचतात, आणि मग बारा वर्षांच्या त्या मुलाबद्दल विचारतात.